कवडसा खोक्यात धरला: घरचा पिनहोल कॅमेरा आणि अडलेले प्रश्न

खटपट्या (रविवार, संध्याकाळी ७:४०)

'प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो' हे वाक्य मी शाळेत पाठ केलं, परीक्षेत दोन गुणांना लिहिलं आणि विसरून गेलो. आता इतक्या वर्षांनी ते अंगाशी आलंय.

भाचीला शाळेतून पिनहोल कॅमेरा करून आणायला सांगितलंय. ती दहा वर्षांची, आणि घरातली 'असली कामं' आपोआप माझ्याकडे येतात. म्हटलं त्यात काय, बुटांचा खोका, टाचणी, चिकटपट्टी. तासाभराचं काम. तीन रविवार गेले.

पहिला कॅमेरा: खोक्याच्या एका बाजूला कर्कटकाच्या टोकाने भोक पाडलं, समोरची बाजू कापून तिथे ट्रेसिंग पेपर लावला आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे रोखला. पडद्यावर हिरवट-पांढरा डाग. भाची म्हणाली, "मामा, झाडाला बरं नाहीये का?"

दुसरा कॅमेरा: भोक मोठं झालं असणार, म्हणून घरातली सगळ्यात बारीक सुई घेतली आणि तीही नुसती टोकापुरती टोचली. आता डागही दिसेना. मिट्ट काळोख.

तिसऱ्याला मधलं भोक पाडलं आणि डोक्यावरून जाड चादर घेतली, खोक्याचा पडदा चादरीच्या आत. पहिली दोन-तीन मिनिटं काही नाही. मग डोळे सरावले आणि हळूहळू झाड उगवलं. उलटं! शेंडा खाली लोंबतोय, आकाश तळाला साचलंय, आणि पानं हलतायत. पानं हलताना बघून मी खरंच दचकलो. वर सगळं रंगीत. का कोण जाणे, माझ्या डोक्यात होतं की चित्र कृष्णधवल येईल. दोरीवर वाळत घातलेला लाल टॉवेल अगदी लाल. रस्त्यावरून डावीकडून उजवीकडे गेलेली सायकल पडद्यावर वरच्या कडेला चिकटून उजवीकडून डावीकडे गेली. मी चादरीत इतका वेळ होतो की घरच्यांनी बाहेरून पाय हलवून बघितला.

आता अडचणी. तिसऱ्या खोक्याचं भोक मी घाईत कटरच्या टोकाने पाडलं, ते वाकडंतिकडं चौकोनी झालं. भाचीने विचारलं, "भोक चौकोनी आहे, मग झाड चौकोनी का नाही?" मी "अगं, ते..." म्हणून थांबलो ते थांबलोच. शिवाय भोक नेमकं केवढं हवं, आणि हे चित्र कागदावर धरून ठेवता येतं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (शब्दशः.)

---

निवांत_दुपार (रविवार, रात्री ८:०५)

धागा आवडला, वाचनखूण साठवली. आमच्या वेळी पुस्तकात याचं नाव 'सूचीछिद्र प्रतिमाग्राहक' असं होतं. तो शब्द शुद्धलेखनासह पाठ करण्यातच दम संपला, खोका करायचा राहूनच गेला.

---

जुना_मास्तर (रविवार, रात्री ९:३०)

भाचीला माझ्याकडून शाबासकी. चौकोनी भोकाच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी तिला एक प्रश्न विचारा. खोलीची खिडकी सताड उघडी आहे, समोर झाड आहे, झाडावरचा प्रकाश आतल्या भिंतीपर्यंत येतोच आहे. मग भिंतीवर झाडाचं चित्र का नाही पडत?

पडतं. फक्त एक पडत नाही, असंख्य पडतात आणि सगळी एकमेकांवर सांडतात. प्रत्येक पान आपल्यावर पडलेला प्रकाश चहूकडे उधळत असतं. त्यामुळे भिंतीवरच्या कुठल्याही एका ठिपक्याला शेंडा, बुंधा, आकाश, रस्ता, तुमचा लाल टॉवेल, सगळ्यांकडून थोडं थोडं मिळतं. शेजारच्या ठिपक्यालाही जवळपास तेच मिश्रण. सगळे रंग एकाच बादलीत कालवल्यावर जे होतं ते होतं: भिंत नुसती उजळ दिसते.

आता मधे पुठ्ठा धरा आणि त्याला एक बारीक भोक ठेवा. भिंतीवरच्या ठिपक्याला आता त्या भोकातून बाहेरचा चिमूटभर भाग दिसतो, बाकी सगळं पुठ्ठ्याने अडवलं. एका ठिपक्याला फक्त शेंडा, दुसऱ्याला फक्त बुंधा. कालवण संपलं की चित्र उरतं. भोकाने केलं काय? नको तो प्रकाश बाहेर ठेवला, एवढंच. चित्र आधीपासून हवेत होतंच.

उलटं का, ते दोरीने दाखवा. पुठ्ठ्याच्या भोकातून दोन दोऱ्या ओवा. एकीचं टोक खुर्चीच्या पाठीला वर बांधा, दुसरीचं पायाशी, आणि भोकाच्या अलीकडे दोन्ही ताणून धरा. वरची खाली येते, खालची वर जाते. डावं-उजवंही तसंच, म्हणून तुमची सायकल उलट्या दिशेने गेली.

आणि एक प्रयोग. खोक्याला मोठी खिडकी कापून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल ताणून लावा. एक भोक पाडून बघा. मग बोटभर अंतरावर दुसरं. मग चार, मग दहा. मग सुई भाचीच्या हातात द्या आणि तिला हवी तेवढी पाडू द्या. काय दिसतं ते मी सांगणार नाही.

---

टिकलू (सोमवार, सकाळी १०:१५)

मस्त समजावलंत मास्तर. म्हणजे हिशोब सोपा आहे, भोक जितकं बारीक तितकं चित्र रेखीव. मग ०.१ मिमीचं भोक पाडलं की झालं. उजेड कमी पडेल, पण कॅमेऱ्याला काय, जास्त वेळ उघडा ठेवायचा.

---

अंधारखोली (सोमवार, दुपारी १:५०)

टिकलू, तिथेच सगळे फसतात. मीही फसलो होतो. ०.१ च्या भोकासाठी एक अख्खी दुपार डोळे फोडले आणि फोटो आधीपेक्षा मऊ आला.

आधी मोठ्या भोकाचं बघू. खटपट्या, तुमचं पहिलं भोक कर्कटकाचं, म्हणजे ३ मिमी धरू. भोक ते पडदा २० सेंमी. झाड साधारण १२ मीटर लांब असेल तर १० सेंमीचं पान पडद्यावर १.७ मिमीचं येणार. पण पानाच्या प्रत्येक बिंदूतून आलेला प्रकाश पडद्यावर भोकाएवढा, म्हणजे ३ मिमीचा ठिपका उमटवतो. ठिपकाच पानापेक्षा मोठा! शेजारशेजारची पानं एकमेकांत मिसळली. झाड आजारी दिसलं ते यामुळे.

आता बारीक भोक. प्रकाश सरळ जातो हे खरं, पण तो लहरही आहे. खूप अरुंद फटीतून गेला की तो पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. भोक बारीक केलं की पसरणं वाढतं. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिमी धरली तर २० सेंमीवरच्या पडद्यावर ०.१ मिमीच्या भोकातून पडणारा ठिपका जवळजवळ २.७ मिमीचा होतो. म्हणजे एवढी मेहनत करून तुम्ही परत कर्कटकाच्या भोकापाशी आलात, आणि उजेडही गमावला.

म्हणून मधे कुठेतरी चांगली जागा आहे. सूत्र असं: भोक ते पडदा अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला ०.०००५५ ने गुणा, वर्गमूळ काढा, १.९ ने गुणा. २०० मिमीला ०.६३ मिमी येतं, १०० मिमीला ०.४५. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये पिनहोल फोटोग्राफीवर निबंध लिहिला होता आणि हा १.९ त्यांच्याच नावावर सांगतात. दुसरे आकडेही वापरतात लोक, त्यावरून भांडतातही. ०.६ की ०.६५ यावर झोप घालवू नका. भोकाच्या कडा स्वच्छ असणं जास्त महत्त्वाचं.

नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर मात्र मी १ मिमीपर्यंत जाईन. चित्र जरा मऊ, पण उजेड अडीचपट. चादरीत घुसमटायला कमी लागतं.

---

रोखठोक (सोमवार, दुपारी ३:२०)

हातात मोबाईल असताना खोक्याला भोकं पाडण्यात रविवार घालवणारे लोक बघून मौज वाटते. चालू द्या.

---

निवांत_दुपार (सोमवार, दुपारी ३:३२)

@रोखठोक, मोबाईलमध्ये झाड सुलटं दिसतं. त्यात काय मजा?

---

खटपट्या (बुधवार, रात्री ९:००)

मास्तर, फॉइलचा प्रयोग केला. लिहायला दोन दिवस उशीर झाला कारण भाची खोका सोडेना.

एक भोक, एक झाड. दोन भोकं, दोन झाडं, शेजारी शेजारी, दोन्ही एकाच वाऱ्याने हलणारी. ती खिदळायला लागली. चार भोकांना चार झाडं, एकमेकांवर थोडी चढलेली. दहाला नुसती गर्दी, तरी टॉवेलाचे दहा लाल ठिपके मोजता येत होते. मग मी चादरीत आणि ती बाहेर, हातात सुई. टक्, टक्, टक्. दर टकीला पडदा उजळत जातो आणि झाड पुसट होत जातं. तीसेक भोकांनंतर काहीच ओळखू येईना. शेवटी तिने कंटाळून अंगठा घातला आणि सगळं फॉइल फाडलं. पांढरा कागद, भरपूर उजेड, बस्स.

मी म्हटलं, "गेलं झाड." ती चादरीत डोकं घालून बघत राहिली आणि म्हणाली, "गेलं नाही. खूप झाली आहेत."

मास्तर, तुमचा सगळा प्रतिसाद त्या तीन शब्दांत आला की हो. मी तिला तुमचं काहीही वाचून दाखवलं नव्हतं, शपथ.

अंधारखोली, भोकं कशात पाडता? फॉइल फाटतं, पुठ्ठ्याला लव राहते.

---

अंधारखोली (बुधवार, रात्री १०:१०)

शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा. कात्रीने कापता येतो. दोन सेंमीचा तुकडा घ्या, जाड पुठ्ठ्यावर ठेवा, आणि सुई खोडरबरात खोचून सरळ दाबा. आरपार नाही! मागच्या बाजूला नुसता फोड यायला हवा. तो फोड सगळ्यात बारीक पॉलिश पेपरवर घासून काढा. पत्रा तिथे पातळ होऊन भोक आपोआप उघडतं. मग सुईचं टोक दोन्ही बाजूंनी अलगद फिरवा, पुन्हा घासा. उजेडासमोर धरून भिंगातून बघा. कड दातेरी दिसली तर फेकून द्या, पत्रा भरपूर असतो. (पत्र्याच्या कडा बोट कापतात, हे काम भाचीला देऊ नका.)

मोजायचं कसं? स्कॅनरवर २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) स्कॅन करा. तिथे एक पिक्सेल साधारण ०.०१ मिमीचा असतो. भोकाच्या आडव्या रेषेत ४२-४३ पिक्सेल आले की ते ०.४५ मिमी.

---

काजवा (गुरुवार, सकाळी ९:४५)

फक्त वाचत होते, पण आता राहवत नाही. चौकोनी भोकाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ना? मला तोच प्रश्न कवडशांबद्दल पडायचा. दाट झाडाखाली जमिनीवर जे उजेडाचे गोल पडतात, ते गोल का? पानांमधल्या फटी तर कशाही असतात, त्रिकोणी, चिंचोळ्या, वाकड्या.

---

जुना_मास्तर (गुरुवार, सकाळी ११:२०)

काजवा, तुम्ही ॲरिस्टॉटलच्या रांगेत आहात. हाच प्रश्न त्याच्या परंपरेतल्या लिखाणात सापडतो: चौकोनी फटींतून आलेलं ऊन गोल का पडतं, आणि ग्रहणात पानांखालचे ठिपके चंद्रकोरीसारखे का होतात?

कवडसा गोल असतो कारण सूर्य गोल आहे. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. झाडाखाली तुम्ही शेकडो सूर्य तुडवत चालता. फट वाकडी असली तरी सूर्याच्या प्रत्येक बिंदूमागे जमिनीवर त्या वाकड्या फटीएवढा एक ठसा उमटतो, आणि असे असंख्य ठसे गोलात मांडले जातात. जमीन फटीपासून लांब असली की गोल मोठा आणि ठसा त्यापुढे क्षुल्लक. वाकडेपणा फक्त काठावर थोडा धुरकट उरतो. भाचीचं चौकोनी भोक तेच: झाड असंख्य चिमुकल्या चौकोनांनी भरलंय, पण आकार झाडाचाच.

करून बघा. पुठ्ठ्यात ५ मिमीचं चौकोनी भोक कापा आणि उन्हात धरा. १० सेंमीवर कागद धरला तर चौकोन दिसेल. कागद मागे मागे नेत ५ मीटरवर न्या. तिथे सूर्याचं चित्र साडेचार सेंमीचं होतं आणि चौकोन विरघळून गोल होतो. नेमका कुठे चौकोनाचा गोल झाला, यावर माझ्या वर्गात कायम वाद व्हायचा. तशी रेषा नसतेच.

या कोड्याची पक्की उकल खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने केली. १६०० सालच्या सूर्यग्रहणात त्याने भोकातून पडलेलं चित्र मोजलं. ग्रहणात असं मोजलं की चंद्र लहान भरतो, आणि त्या काळच्या खगोलवाल्यांना ते फार छळत होतं. चंद्र लहान झाला की काय? केप्लरने उत्तर शोधायला काय केलं, तर एक पुस्तक उंचावर ठेवलं, त्याच्या कोपऱ्यापासून एक दोरा घेतला, तो टेबलातल्या अनेक कोनी भोकाच्या कडेकडेने फिरवला आणि खाली जमिनीवर खडूने रेघ ओढत गेला. मग दुसरा कोपरा, मग कडा. प्रत्येक कोपऱ्यामागे जमिनीवर भोकाचा आकार उमटला, आणि सगळे मिळून पुस्तकाचा. दोरा म्हणजे प्रकाशकिरण. तुमच्या घरात आजही होईल असा प्रयोग, आणि १६०४ मध्ये त्याने हे छापलं. भोकामुळे सूर्याच्या तेजस्वी भागाची कड बाहेर फुगते आणि चंद्राच्या काळ्या भागात शिरते, म्हणून चंद्र लहान भरतो. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नावही त्याच ग्रंथातलं. (आपल्या इथल्या अंधारखोली साहेबांना हे माहीत असणारच.)

---

अंधारखोली (गुरुवार, दुपारी १२:०५)

माहीत नव्हतं मास्तर. मी ब्रोमाइड (फोटोचा कागद) धुवायच्या खोलीवरून नाव घेतलं होतं. आता फुकटात भाव खाईन.

अवांतर: याच केप्लरने १६०७ मध्ये छपराच्या फटीतून आलेला कवडसा कागदावर धरला आणि त्यावर एक काळा ठिपका बघितला. बुध सूर्यासमोरून जातोय अशी त्याची खात्री झाली. तो होता सूर्यावरचा डाग. दुर्बिणीतून डाग दिसायला लागल्यावर त्याने स्वतः चूक मान्य केली.

---

खटपट्या (शनिवार, दुपारी २:३०)

आज ऊन कडक होतं, म्हणून सूर्य मोजला. हो, सूर्य. घरात बसून.

खिडकीला पुठ्ठा, त्यात १ मिमीचं भोक, २ मीटरवर पांढरा कागद किरणांना काटकोनात धरलेला. कवडसा पेन्सिलने आखायला गेलो तर तो सरकतोय! भाची म्हणाली, "मामा, हात नीट धर." हात स्थिर होता, पृथ्वी फिरत होती. कागदावर गोल आखून बाजूला व्हायच्या आत तो गोलातून बाहेर निघाला होता.

गोल भरला २० मिमी. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे भोकाचा फुगवटा १ मिमी वजा केला, १९ उरले. १९ भागिले २००० गुणिले १५ कोटी किलोमीटर. सव्वाचौदा लाख किलोमीटर. खरा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत आलो. पट्टी शाळेची, प्लास्टिकची.

१ मिमी वजा करायला विसरलो असतो तर १५ लाख आले असते. ते भांडण चारशे वर्षं जुनं आहे हे कळल्यावर वजाबाकी करताना जरा भारी वाटलं.

---

काजवा (शनिवार, दुपारी ३:१०)

खटपट्या, एक विनंती. वरच्या प्रतिसादात ठळक अक्षरांत लिहा की भोकातून सूर्याकडे बघायचं नाही. लहान मुलं वाचतात, त्यांना वाटेल डोळा लावायचा. सूर्याकडे पाठ, डोळे कागदावर.

---

खटपट्या (शनिवार, दुपारी ३:१८)

बरोबर. भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही. कधीच नाही, ग्रहणातही नाही. झाडाच्या खोक्यानेही सूर्य टाळूनच बघायचं.

---

जाडभिंगी (शनिवार, संध्याकाळी ५:४०)

माझा चष्मा उणे साडेपाच. चष्मा काढून हा धागा वाचताना अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. तुमचं वाचून पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडलं, डोळ्याला लावलं आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे वाचले! अंधुक, पण रेखीव. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भोकं पाडलेली काळी चकती डोळ्यासमोर धरायला देतात ती हीच भानगड का?

---

जुना_मास्तर (शनिवार, संध्याकाळी ६:२५)

हीच. चष्मा नसताना एका बिंदूतून आलेला प्रकाश तुमच्या बाहुलीभर शिरतो आणि आत पडद्यावर त्याचा मोठा ठिपका होतो. भोकाने फक्त बारीक शलाका आत सोडली, ठिपका लहान झाला. चकतीतून नीट दिसलं तर दोष नंबराचा असण्याची शक्यता जास्त, एवढं डॉक्टरांना त्यातून कळतं. नॉटिलस नावाच्या समुद्री प्राण्याच्या डोळ्याला तर भिंगच नसतं. नुसतं भोक. त्याचं त्यावर भागतं.

---

अंधारखोली (शनिवार, रात्री ९:१५)

आता राहिलेला प्रश्न, चित्र धरून ठेवायचा. फिल्म नको, सुरुवातीला फोटोग्राफिक पेपर घ्या, कृष्णधवल ब्रोमाइड. लाल दिव्यात हाताळता येतो, त्यामुळे काय चाललंय ते दिसतं.

खोका छोटा घ्या, भोक ते कागद १० सेंमी, भोक ०.४५ मिमी. आतून काळा रंग, तोही बिनचकाकीचा. माझी पहिली चूक इथली. मी आतून पांढराच ठेवला होता. भोकातून आलेला प्रकाश कागदावरून उसळून भिंतींवर, भिंतींवरून परत कागदावर. सगळ्या फोटोवर दुधाची साय. दुसरी चूक झाकणाची. पुठ्ठ्याचं झाकण डोळ्याला घट्ट वाटतं, कागदाला नाही. एका कोपऱ्यातून सुईएवढी फट राहिली होती आणि धुतल्यावर कागदाच्या कडेला काळी जीभ उमटली. झाकणाला आतून काळ्या कागदाची दुहेरी किनार लावा, वरून काळी चिकटपट्टी. तपासायला रिकामा कागद आत ठेवून खोका दहा मिनिटं उन्हात ठेवा, भोक बंद. धुतल्यावर पांढरा निघाला तर खोका पास.

वेळेचा हिशोब. १०० भागिले ०.४५ म्हणजे एफ/२२२ (एफचा आकडा म्हणजे अंतर भागिले भोक, तो जितका मोठा तितका उजेड कमी). कडक उन्हात एफ/१६ ला 'एक भागिले आयएसओ' सेकंद हा जुना अंदाज (आयएसओ म्हणजे फिल्म किंवा कागद प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा). पेपर खूप मंद असतो, आयएसओ ६ धरा. म्हणजे एफ/१६ ला एक षष्ठांश सेकंद. २२२ भागिले १६, त्याचा वर्ग साधारण १९२. १९२ भागिले ६, म्हणजे ३२ सेकंद. सावलीत याच्या आठपट, चार-साडेचार मिनिटं, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच लागतं. शटर म्हणजे भोकावरची काळी पट्टी. खोक्यावर वीट ठेवा, हलू देऊ नका. पट्टी काढा, मोठ्याने आकडे मोजा, पट्टी लावा.

मग लाल दिव्यात डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), पाणी, फिक्सर (चित्र पक्कं करणारं), पुन्हा भरपूर पाणी. हातमोजे घाला, रसायनं मोठ्यांनीच हाताळा. हाती येते ती निगेटिव्ह, आकाश काळं आणि सावल्या पांढऱ्या. मोबाईलने फोटो काढून त्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करा. (रोखठोक, मोबाईल लागला बघा.)

---

निवांत_दुपार (शनिवार, रात्री ९:५०)

रसायनं नको असतील तर? मी कुठेतरी सूर्याच्या वाटा उमटलेले महिनोन्‌महिन्यांचे फोटो बघितले होते.

---

अंधारखोली (शनिवार, रात्री १०:२०)

सोलारग्राफी. पेयाच्या डब्यात पेपर गुंडाळून भोक पाडायचं, सूर्य दिसेल अशा दिशेला डबा खांबाला घट्ट बांधायचा आणि विसरायचं. सहा महिने. सूर्य रोज एक कमान आखतो आणि ऋतूप्रमाणे ती वर-खाली सरकते. ढगाळ दिवशी रेघ तुटते. इतक्या प्रकाशात कागद धुतल्याशिवायच काळवंडतो, धुवायची गरज नाही. फक्त अंधाऱ्या खोलीत काढून लगेच एकदा स्कॅन करायचा. इंग्लंडमधल्या बेफर्डबरी वेधशाळेत २०१२ मध्ये बांधलेला असा एक डबा सगळे विसरले. तो २०२० मध्ये सापडला, आत सूर्याच्या २,९५३ कमानी होत्या.

घरच्यांना सांगून ठेवा मात्र. माझा एक डबा चौथ्या महिन्यात भंगारात गेला.

---

खटपट्या (आज, संध्याकाळी ६:१०)

पहिला फोटो आला. (इथे डकवता येत नाहीये, साइज मोठा म्हणतंय. जमलं की टाकतो.)

भाचीला झाडासमोर उभं केलं. ३२ सेकंद पुतळा व्हायचं, ठरलं. मी मोठ्याने मोजतोय. बारापर्यंत ती ठीक होती. तेराव्याला नाक खाजवलं, सतराव्याला कावळा आला त्याच्याकडे वळली, पुढचं मी बघायचंच सोडलं.

लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये सोडला. आधी काहीच नाही, मग आकाश काळं पडायला लागलं, मग झाडाची कड आली. प्रत्येक फांदी. तिने श्वास रोखून धरलेला. आणि झाडासमोर ती जिथे उभी होती तिथे धुक्याचा एक खांब, त्याच्या तळाशी दोन चपला. पट्ट्यासकट, लख्ख. पाय तेवढे हलले नव्हते.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जो हलतो तो पुसला जातो?"

उद्या दुसरा फोटो. तिची अट अशी की ती भिंतीला टेकून बसणार आणि मी ३२ सेकंद तिच्यासमोरून इकडून तिकडे धावायचं. मी दिसलो नाही तर ती जिंकली.

---

निवांत_दुपार (आज, संध्याकाळी ६:१६)

चपला काढून धावा.